उपाशीपोटी

११ फेब्रुवारी २००४

सिरिलो,

तुझं पत्र काल ताचोकाकांनी हातात दिलं. दर पंधरवड्याला त्यांची व्हॅन इथून चीज, मोलेचा मसाला आणि लोकांची पत्रं घेऊन फ्लोरिडाला जाते आणि तिकडून डॉलर आणि जुने टीव्ही घेऊन परत येते. अकरा वर्षं जातेय. त्यामुळे पत्र कसं पाठवायचं कळत नव्हतं, असं निदान मला तरी सांगू नकोस. असो, भांडायला बसलेली नाही. अक्षर मात्र अजून तसंच आहे तुझं, कोंबडीचे पाय.

बाबांच्या आजारपणाचं तुला तिकडे आपल्या गावच्या कुणीतरी सांगितलं ते बरं झालं. मी आपणहून कळवलं नसतं.

नोव्हेंबरात त्यांचे पाय सुजले. नाताळापर्यंत पोट पुढे आलं. एपिफानिया आत्याचं म्हणणं गॅस आहे. तिने कसला कसला पाला उकळून पाजला. शेवटी मी कान धरून इस्पितळात नेलं. रक्त तपासलं, लिव्हर घट्ट झालंय म्हणाले. सिरोसिस. डॉक्टर किरोस राजधानीचे आहेत, इथे येऊन त्यांना दोनच वर्षं झालीत. त्यांनी विचारलं, "दारू घेता का?"

"थेंबही नाही," बाबा म्हणाले. चेहरा असा की चर्चमधल्या संताने बघत राहावं.

"आणि पुल्के?"

बाबांना रागच आला. "ते जेवण झालं, डॉक्टर. तुम्ही दारूचं विचारलंत."

मी मागे उभी. नवव्या वर्षापासून माणूस रोज चार-पाच लिटर पितोय, आणि त्याच्या मते तो कधी प्यायलेलाच नाही. दारू म्हणजे जिच्या बाटलीवर कागद चिकटवलेला असतो ती. पुल्के म्हणजे घायपाताच्या पोटातला रस, सकाळी गोड, संध्याकाळी आंबट, आणि ताकद अशी की मांस व्हायला एकच पायरी कमी. आपल्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याच खोऱ्यात गल्लीगल्लीत पोट पुढे आलेला एक तरी माणूस उन्हाला बसलेला असतो, तो मात्र कुणाला दिसत नाही.

आता दोन मार्चला त्यांची सोनोग्राफी आहे. ती मीच करणार. तुला माहीत नसेल, वॉर्डातून निघून मला चार वर्षं झाली, हल्ली सोनोग्राफीचं मशीन माझ्याकडे असतं. चित्र मी काढते, मापं मी घेते, फॉर्म मी भरते. मंगळवारी आणि शुक्रवारी पाचुकाहून मोठे डॉक्टर येतात, ते त्यावर सही करतात. आपल्या माणसाचं चित्र आपण काढू नये असा नियम आहे, पण दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे, आणि परक्या बाईसमोर बाबा सदरा वर करतील तर शपथ.

चित्रात काय बघतात ते सांगते, म्हणजे पुढे आकडे लिहिले तर कळतील. तू पाटावर पाणी धरायचास, तुला लगेच समजेल. आतड्यांकडचं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हर घट्ट झालं की पाटाचं दार अर्धं बंद झालं असं समज. पाणी मागे तुंबतं, पाट रुंदावतो, धार मंदावते, आणि बांध जिथे कच्चा तिथून पाणी वाट काढतं. माणसाच्या अंगात तो कच्चा बांध अन्ननलिकेत असतो. तिथल्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. मशीन त्या मोठ्या शिरेची रुंदी दाखवतं आणि तिच्यातून रक्त किती वेगाने चाललंय ते दाखवतं. वेग सेकंदाला पंधरा सेंटीमीटरच्या खाली असला तर लाल चिठ्ठी. मग पाचुकाला नेऊन घशातून दुर्बीण घालतात आणि फुगलेल्या शिरा रबरी कड्यांनी बांधून टाकतात. पंधराच्या वर असला तर हिरवी चिठ्ठी, सहा महिन्यांनी या. दुर्बीण एक आणि रांग अख्ख्या राज्याची, म्हणून ही चाळणी.

तू लिहिलंयस, "ताई, उगीच धीर देऊ नकोस आणि उगीच घाबरवू नकोस. मशीन काय म्हणतं तेवढं सांग. वाईट असेल तर मी निघतो. बॅग भरून ठेवलीय." निघतो म्हणजे काय ते मला कळतं. येताना कुणी अडवणार नाही, पण तुझ्याकडे कागद नाहीत, परत जायचं तर वाळवंटातून. बायको यादिरा आणि पोर इत्सेल तिकडे. चार वर्षांची आहे ना इत्सेल? तेव्हा आत्ता हलू नकोस. चित्र होऊ दे. मशीन जे सांगेल ते जसंच्या तसं तुला लिहीन, हा माझा शब्द.

तू पत्र पाठवलंस हे बाबांना सांगितलेलं नाही. आईला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी तू कुऱ्हाड घेऊन त्यांची अठरा घायपातं आडवी केलीस तेव्हा ते काय म्हणाले ते तू ऐकलंस: ज्या हाताने माझी झाडं तोडली त्या हाताची माती माझ्या अंगावर पडायची नाही. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. आई घरात तडफडत होती, गाडी अंगणात उभी होती आणि ती चालवणारा पुल्के पिऊन झाडाखाली पडला होता. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माणूस सुजला, पिवळा पडला, तरी तुझं नाव घरात काढायची सोय नाही. म्हणून पत्र इस्पितळात माझ्या खणात ठेवलंय, सोनोग्राफीला पोटावर लावायच्या जेलच्या बाटल्यांखाली.

ओतिलिया


३ मार्च २००४

सिरिलो,

चित्र काल काढलं. घाबरण्यासारखं काही नाही.

शब्द दिला होता म्हणून आकडे लिहिते. मोठी शीर चौदा मिलिमीटर, म्हणजे थोडी रुंद. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली आहे, ती इथे सगळ्यांचीच असते. पोटात पाणी आहे, ते गोळ्यांनी उतरेल. आणि वेग अठरा. पंधराच्या वर. हिरवी चिठ्ठी मिळाली, आता सप्टेंबरात परत. चित्राची एक प्रत सोबत घातलीय, तूच बघ. पंख्याच्या आकाराचं राखाडी दिसतंय ते पोट, मधला लाल पट्टा म्हणजे शिरेतलं रक्त. लाल म्हणजे लिव्हरकडे चाललंय, जायला हवं तिकडेच.

बाबा सहाच्या बसने आले. मिशा ओल्या होत्या. म्हटलं, "काय हो, रात्रीपासून पोटात काही नाही ना?" तर म्हणाले, "मी काय लहान आहे? सांगितलंस तसा उपाशी आलोय." अंगाला झाडांचा वास होता. झाडांकडे जाऊन आले होते, हे विचारायला नकोच. एकदा झाडाचा गाभा फोडला की सकाळ-संध्याकाळ खरवडून रस काढावाच लागतो, एक दिवस चुकला तर झाड सुकतं. म्हातारा स्वतः सुकेल, झाड सुकू देणार नाही.

मशीनवर आडवे झाले आणि विचारतात, "यात दिसतं का सगळं?" म्हटलं, दिसतं. "मग बघ नीट, तुझी आई असेल कुठेतरी आत." मी जेल जरा जास्तच गार लावलं.

तर मुद्दा असा की तू येऊ नकोस. बॅग सोड. यादिराला सांग, नवरा कुठे जात नाही. हे मी नाही, मशीन म्हणतंय.

फॉर्म भरला, चौकटी भरल्या, सही झाली. सगळं रीतसर आहे.

ओतिलिया


२० एप्रिल २००४

सिरिलो,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. बूटही मिळाले. बाबांना सांगितलं, इस्पितळाने वाटले. पायांची सूज आहे, तेव्हा अजून चढत नाहीत, पण रोज काढून बघतात आणि परत खोक्यात ठेवतात. "सरकार एवढं चांगलं कधीपासून झालं?" विचारत होते.

प्रत्येक पत्रात तू चित्राचंच विचारतोस. अठरा म्हणजे नक्की अठरा का, मशीन जुनं आहे का, दुसऱ्या दवाखान्यात दाखवू या का, पैसे पाठवू का. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? इथे मी आहे. अकरा वर्षं मीच आहे. त्यांचं ओकलेलं मी पुसलंय, त्यांच्या शिव्या मी खाल्ल्यात, आईच्या थडग्यावर दर नोव्हेंबरला झेंडू मी नेलाय. तू फ्लोरिडात समुद्राकाठी लोकांची छपरं शाकारतोस आणि मला सांगतोस की शिरेचं माप दोनदा घ्यावं.

बरं, चिडले. सोडून दे.

खरं सांगायचं तर मलाही वाटलं की एकदा परत बघावं. गेल्या आठवड्यात बाबांना म्हटलं, चला, पुन्हा चित्र काढू, मशीन मोकळं आहे. तर म्हणतात, "हिरवी चिठ्ठी आहे ना? तूच दिलीस ना? मग आता कशाला?" आणि चिठ्ठी खिशातून काढून माझ्या नाकासमोर धरली. घडी घालून घालून मऊ झालीय. गुत्त्यात सगळ्यांना दाखवून झालीय. पुल्के पिऊन लिव्हर बिघडतं म्हणणाऱ्यांचं तोंड ते त्या चिठ्ठीने बंद करतात. आता बोला.

परवा म्हणाले, शौचाला काळं झालं. आत्या म्हणाली, काळा घेवडा खाल्लास, पांढरं होईल का? मीही तेच म्हटलं.

झाडं जोरात आहेत. तू तोडलेल्या बुंध्यांभोवती जी पिल्लं फुटली होती ना, तीच ही. बाबांनी एकेक उपटून रांगेत लावली होती, तेव्हा मला वाटलं रागाने करतायत. या वर्षी ती रसाला आली. सतरा फोडली. एक मात्र फोडू देत नाहीत, विहिरीजवळचं, सगळ्यांत दांडगं. मी म्हटलं, वेळेवर फोडलं नाही तर मधून दांडा फुटेल आणि झाड वाया जाईल. तर म्हणाले, "जाऊ दे, माझं झाड आहे." का ते कोण जाणे.

इत्सेलचा फोटो पाठव. नाक आईवर गेलंय म्हणतोस ते बघायचंय.

ओतिलिया


९ जून २००४

सिरिलो,

रविवारी दुकानातून तुला फोन केला तो यादिराने उचलला. म्हणाली, तू कामाच्या टोळीबरोबर जॉर्जियात छपरं घालायला गेलायस, दोन आठवडे फोन नाही. मी तिला एवढंच सांगितलं की त्याला निघायला सांग. ती विचारत होती, चित्र तर चांगलं होतं ना? मी फोन ठेवला. दुकानात माणसं होती. म्हणून हे लिहितेय, तू जॉर्जियातून परतशील तेव्हा हे आणि निरोप दोन्ही तुझ्या हातात असतील.

गेल्या बुधवारी, दोन तारखेला, सकाळी आठच्या सुमाराला बाबा झाडांत होते. आत्या विहिरीवर होती, तिने पाहिलं. त्यांनी नेहमीसारखी भोपळ्याची लांब नळी झाडाच्या गाभ्यात घातली, दुसरं टोक तोंडात धरून रस ओढला, आणि नळी सोडून दिली. मग वाकले आणि त्या गाभ्याच्या वाटीत रक्त ओकले. आत्या म्हणते, वाटी भरली. तिने आरडाओरड केली तर तिलाच म्हणाले, "ओरडू नकोस, रस नासला फक्त."

चार बाटल्या रक्त चढवलं. पाचुकाला नेलं, दुर्बीण घातली, सहा कड्या बांधल्या. तिथला डॉक्टर तरुण होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, या शिरा आज फुगलेल्या नाहीत. महिनोन् महिने फुगलेल्या आहेत. यांना आधी का नाही पाठवलं?" मी म्हटलं, रांग होती. तो म्हणाला, "लाल चिठ्ठीवाल्याला मार्चमध्ये दहा दिवसांत नंबर मिळत होता." मार्चमध्ये बांधल्या असत्या तर, असं तो पुढे म्हणाला नाही. मीच म्हटलं मनात.

परत आणल्यावर मी पुन्हा चित्र काढलं. आता दोन दिवस तोंडात पाण्याचा थेंबही नव्हता. मधला पट्टा लाल दिसायला हवा तो निळा दिसला. रक्त उलटं फिरलंय, सिरिलो. लिव्हरकडे जायचं सोडून लिव्हरकडून मागे येतंय. पाटाचं दार पुरतं बंद झालंय. आणि शिरेच्या तोंडाशी रक्ताची गाठ धरलीय. आता कड्या बांधून काही होत नाही. डॉक्टर किरोसनी पोटातलं पाणी काढायची सुई बाजूला ठेवली, खुर्ची ओढली आणि बसले. डॉक्टर बसले की समजावं.

तुला मार्चचं सांगायला हवं. पोटात अन्न गेलं की आतड्यांकडे रक्त धावतं आणि त्या शिरेतला वेग वाढतो. म्हणून हे चित्र उपाशीपोटीच काढायचं असतं. दोन मार्चला बाबांनी निघण्यापूर्वी सतराही झाडांचा रस काढला होता. नळीने ओढताना घोट घोट पोटात जातोच, आणि वर एक तुंबा गोड रस आणि डुकराच्या कुरकुरीत कातड्याची एक टोर्तिया. परवा विचारलं तर म्हणाले, "खाल्लं कुठे? ते कामावर झालं." आपल्याकडे कामावर तोंडात गेलेलं कुणी जेवणात धरतच नाही. ते खरंच खोटं बोलत नव्हते. तो अठराचा आकडा त्या रसाचा होता. लिव्हरचा आकडा त्या दिवशी कदाचित अकरा असेल, बारा असेल. मला हे नंतर कळलं.

तू ये. आता मशीनचं नको विचारू, माझं ऐक आणि निघ.

ओतिलिया


४ जुलै २००४

सिरिलो,

काल नववा दिवस झाला. जमिनीवर काढलेला चुन्याचा क्रूस धर्मबापाने उचलला, बायकांनी जपमाळ संपवली, आत्याने दोनशे तमाले वाटले. सगळे जेवून गेले. घर झाडून झालं आणि आता मला कुणाशी बोलायचं नाहीये, म्हणून तुला लिहितेय.

तू चोवीस तारखेला सरहद्दीवरच्या लारेडोहून दुकानात फोन केलास तेव्हा ते जाऊन तीन तास झाले होते. मी तुला म्हटलं, परत फिर, पूल ओलांडू नकोस, आता इथे येऊन काय करणार, तिकडे तुझी पोर आहे. तू विचारलंस, "शेवटी काही म्हणाले का?" मी म्हटलं, काही नाही, झोपेतच गेले.

खोटं सांगितलं. आणि हे पहिलं खोटं नाही.

ते मार्चचं चित्र तुझ्याकडे असेल. काढ आणि समोर ठेव. लाल पट्ट्याच्या वर, उजवीकडे, एक बारकं काळं काहीतरी दिसेल, वाळल्या मिरचीएवढं. ते पित्ताशय. उपाशी माणसाचं पित्ताशय छोट्या वांग्यासारखं फुगलेलं असतं. पोटात अन्न पडलं की ते आक्रसतं. मशीन शिकायला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात हे शिकवलं होतं. चार महिने पुरावा तुझ्याच घरात पडून होता.

म्हणजे मला नंतर नाही कळलं. तेव्हाच कळलं होतं. मिशा ओल्या दिसल्या तेव्हा वाटलं, वास आला तेव्हा खात्री झाली, पित्ताशय दिसलं तेव्हा विचारायचंही काही उरलं नाही. मी रस काढणाऱ्याची मुलगी आहे, मला कोण फसवणार? फॉर्मवर एक चौकट असते: रुग्ण आठ तास उपाशी आहे का? मी "हो" वर खूण केली. पाचुकाचे डॉक्टर त्या चौकटीवर विश्वास ठेवून सही करतात.

का केलं? पहिल्यांदा स्वतःला सांगितलं की परत पाठवलं तर म्हातारा पुन्हा यायचा नाही, नवीन तारीख मेमध्ये मिळाली असती. हे खरं आहे. पण बाहेर बाकावर बसवून तासंतास थांबवता आलं असतं, दुपारी चित्र काढता आलं असतं. मशीन दुपारी मोकळंच होतं.

दुसरं कारण तुझ्यासाठी होतं असं मी मार्चभर मानलं. चित्र वाईट आलं असतं तर तू निघाला असतास, अडकला असतास, इत्सेल बापाशिवाय राहिली असती. हेही खरं आहे. पण पुरतं नाही.

खरं हे की तू आलेला मला नको होतास. अकरा वर्षांनी तू दारात उभा राहणार, म्हातारा रडणार, गाव म्हणणार, बघा, मुलगा सगळं सोडून बापासाठी आला. आणि मी? मी तर इथेच होते, त्यात काय विशेष? मशीनवर अठरा उमटले तेव्हा मला बरं वाटलं, सिरिलो. आकडा खोटा आहे हे माहीत असून बरं वाटलं. ते बाबांसाठी नव्हतं.

आता त्या विहिरीजवळच्या झाडाचं. ते का ठेवलंय हे मला माहीत होतं, मार्चपासून. मशीनवरून उठताना सदरा खाली करत ते म्हणाले होते, "त्याने तोडलेलं सगळं परत उगवलं म्हणावं. एक ठेवलंय. येऊन त्यानेच फोडावं." तुझं नाव घेतलं नाही, पण दुसरा कोण? ज्या हाताची माती नको होती त्याच हाताला झाडाचा गाभा फोडायला बोलावत होते. हे मी तुला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर चित्र कितीही चांगलं असतं तरी तू निघाला असतास.

झाडाला आता दांडा फुटलाय, तीन पुरुष उंच. वर पिवळी फुलं येतील. आत रसाचा थेंब नाही.

चोवीस तारखेला सकाळी मी त्यांच्या खाटेजवळ होते. डोळे हळदीसारखे झाले होते, पण त्या सकाळी भान होतं. बाहेर सान हुआनच्या सणाचे फटाके वाजत होते. तू पाठवलेले बूट उशाशी होते. त्यांनी बुटावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे सरकारचे नाहीत."

मी त्यांची चादर सारखी केली.

"सिरिलोने कधी विचारलं का माझं? येतो म्हणाला का?"

तुझी पाच पत्रं माझ्या खणात होती. बॅग भरून ठेवलीय, असं तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग आला का नाही? मग मला चित्राचं सांगावं लागलं असतं, रसाचं, चौकटीचं. मी त्यांना वाचवलं की स्वतःला, ते तू ठरव. मला आता ठरवता येत नाही.

मी म्हटलं, "नाही, बाबा."

त्यांनी बुटावरचा हात काढून घेतला. "बरोबरच आहे त्याचं," म्हणाले. पुढे दोन तास जिवंत होते, पण बोलले नाहीत.

ओतिलिया